आधी भाजी की आधी भात? जेवणानंतरची शुगर ठरवण्यात आतड्यातले हार्मोन्स काय करतात?

जेवणाआधी काकडी खाल्ली की शुगर वाढत नाही. मेथीचं पाणी म्हणजे घरगुती ओझेम्पिक. भाताआधी चमचाभर व्हिनेगर घेतलं की काम झालं. शुगरवरचं एखादं रील चुकून शेवटपर्यंत बघितलं की पुढचे चार दिवस मोबाईल असलीच रील समोर आणून टाकतो. घरात कुणाला डायबेटिस असेल, तर तीच रील फॅमिली ग्रुपवर यायलाही वेळ लागत नाही.

गंमत म्हणजे यातलं सगळंच खोटं नाही. जेवणातल्या पदार्थांचा क्रम बदलला की जेवणानंतरची शुगर बदलते, हे प्रयोगांमध्ये दिसलंय. पण हे का होतं, किती होतं आणि कुठं थांबतं, हे अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये मावत नाही. आणि घोळ नेमका तिथंच होतो. कुणी गोळ्या बंद करून मेथीवर येतं, तर कुणी डॉक्टरांना न विचारता भात-पोळी एकदम सोडून देतं.

विषय छोटा नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशभर झालेल्या सर्वेक्षणाचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यानुसार भारतात साधारण १० कोटी १० लाख लोकांना डायबेटिस आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक प्रीडायबेटिसमध्ये, म्हणजे उंबरठ्यावर आहेत. राज्यांच्या यादीत डायबेटिसचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे हा प्रश्न आपल्या ताटाजवळचाच आहे.

तर मग आतडं आणि शुगर यांचा संबंध काय, ते नीट समजून घेऊया.

सलाईनमधली साखर आणि ग्लासातली साखर

समजा, एका निरोगी माणसाला पहिल्या दिवशी ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं. त्याच्या रक्तातली साखर कशी चढली आणि कशी उतरली, याची नोंद ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला सलाईनमधून ग्लुकोज दिलं, आणि ते अशा बेतानं दिलं की रक्तातली साखर पहिल्या दिवसासारखीच चढावी-उतरावी.

आता सांगा, इन्सुलिन कोणत्या दिवशी जास्त तयार होईल?

सरळ हिशेब लावला तर दोन्ही दिवशी सारखंच व्हायला पाहिजे. इन्सुलिन बनवतं स्वादुपिंड, म्हणजे पॅन्क्रिया. त्यानं रक्तातली साखर बघायची आणि त्या प्रमाणात इन्सुलिन सोडायचं. साखर दोन्ही दिवशी सारखीच आहे, मग इन्सुलिनही सारखंच.

पण तसं होत नाही. ग्लुकोज तोंडावाटे पोटात गेलं की इन्सुलिन कितीतरी जास्त सुटतं. १९६४ मध्ये तोंडावाटे दिलेल्या आणि शिरेतून दिलेल्या ग्लुकोजची तुलना झाली, तेव्हा हा फरक शास्त्रज्ञांना स्पष्ट दिसला. पुढच्या अभ्यासांतून कळलं, की निरोगी माणसानं ग्लुकोज प्यायल्यावर जे इन्सुलिन येतं, त्यातला साधारण ५० ते ७० टक्के वाटा या आतड्याच्या कृपेचा असतो.

याचा अर्थ साधा आहे. साखर रक्तात पोचायच्या आधीच आतडं स्वादुपिंडाला निरोप धाडतं, की माल येतोय, तयारीत राहा. हा निरोप घेऊन जाणारे हार्मोन्स म्हणजे इन्क्रेटिन्स.

हा शोध लागला कसा?

गोष्ट सुरू होते १९०२ मध्ये, लंडनमध्ये. युनिव्हर्सिटी कॉलेजमधले विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग हे दोघं कुत्र्यावर प्रयोग करत होते. त्या काळी समज असा होता, की शरीरातले सगळे निरोप मज्जातंतूंमधूनच जातात. या दोघांनी आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडले आणि तिथं आम्ल सोडलं. तरीही स्वादुपिंडातून पाचकरस आलाच. म्हणजे निरोप रक्तातून गेला होता. त्या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन असं नाव दिलं. १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा निरोप्यांसाठी ‘हार्मोन’ हा शब्द जाहीरपणे वापरला. थोडक्यात, हार्मोन हा शब्द ज्याच्यामुळं आला, तो पहिला हार्मोन आतड्यातलाच होता.

लगेच पुढच्या वर्षी, १९०६ मध्ये, लिव्हरपूलमध्ये बेंजामिन मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतड्याच्या आतल्या अस्तराचा अर्क डायबेटिसच्या रुग्णांना देऊन पाहिला. तेव्हा इन्सुलिनचा शोधही लागला नव्हता. तो लागला १९२१ मध्ये, टोरोंटोत. १९३० च्या दशकात बेल्जियमच्या जाँ ला बार यांनी आतड्यातल्या या साखर कमी करणाऱ्या घटकासाठी ‘इन्क्रेटिन’ हे नाव वापरलं.

पण मग गाडी अडली. कारण रक्तातलं इन्सुलिन मोजायची सोयच नव्हती. ती सोय झाली १९६० च्या आसपास, जेव्हा न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रेडिओइम्युनोअसे ही पद्धत काढली. याच कामासाठी यालो यांना १९७७ चं नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते. इन्सुलिन मोजता आलं आणि काही वर्षांतच सलाईन आणि ग्लासातला तो फरक पकडला गेला.

दोन हार्मोन, दोन स्वभाव

इन्क्रेटिन म्हणून काम करणारे मुख्य हार्मोन दोन आहेत.

पहिला जीआयपी. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात के पेशी असतात, त्या हा हार्मोन सोडतात. १९७० च्या सुमारास जॉन ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वेगळा केला.

दुसरा जीएलपी-१, म्हणजे ग्लुकॅगॉन-लाइक पेप्टाइड-१. हा एल पेशींमधून येतो. या पेशी लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात आणि मोठ्या आतड्यात जास्त असतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत जोएल हॅबनर आणि स्वेतलाना मोयसोव्ह, तर डेन्मार्कमध्ये येन्स युल होल्स्ट यांच्या कामातून याची ओळख पटली. २०२४ चा लास्कर पुरस्कार हॅबनर, मोयसोव्ह आणि या हार्मोनपासून औषध घडवणाऱ्या लोट्टे ब्येरे क्नुडसेन यांना मिळाला.

सध्या सगळीकडं नाव ऐकू येतं ते जीएलपी-१ चं. कारण हा एकटा चार कामं करतो.

पहिलं काम, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणं. पण यात एक शहाणपण आहे. रक्तात साखर जास्त असेल तरच तो इन्सुलिनला ढकलतो, साखर उतरली की त्याचा जोरही ओसरतो.

दुसरं काम, ग्लुकॅगॉनला आवर घालणं. ग्लुकॅगॉन हा इन्सुलिनच्या उलटा हार्मोन. तो यकृताला साठवलेली साखर बाहेर काढायला सांगतो. जेवण झाल्यावर ती साखर बाहेर येण्याची गरज नसते.

तिसरं काम, जठर हळू रिकामं करणं. अन्न पोटातून आतड्यात सावकाश उतरलं, की साखरही रक्तात सावकाश येते.

चौथं काम, मेंदूला पोट भरल्याचं कळवणं.

आणि एवढं सगळं करणाऱ्या या हार्मोनचं आयुष्य किती? जेमतेम दोन मिनिटांत त्याची ताकद निम्म्याच्या खाली येते. शरीरातलं डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याला लगेच तोडून टाकतं. हा दोन मिनिटांचा मुद्दा लक्षात ठेवा, मेथीच्या पाण्याचा हिशेब पुढं त्याच्यावरच ठरणार आहे.

डायबेटिसमध्ये बिघडतं काय?

टाइप २ डायबेटिस म्हटलं की आपल्याला इन्सुलिन कमी पडतं किंवा ते नीट काम करत नाही, एवढंच माहीत असतं. पण १९८६ मध्ये जर्मनीत मायकेल नाउक आणि सहकाऱ्यांनी सलाईन आणि ग्लासाची तीच तुलना टाइप २ च्या रुग्णांवर केली. निरोगी माणसांत जो मोठा फरक दिसायचा, तो या रुग्णांत बराच कमी होता. म्हणजे आतड्याचा निरोप एकतर क्षीण झाला होता, किंवा स्वादुपिंड तो ऐकेनासं झालं होतं.

पुढं लक्षात आलं, की जीआयपीला स्वादुपिंड फारसा प्रतिसाद देत नाही. पण जीएलपी-१ बाहेरून पुरेशा प्रमाणात दिला तर मात्र ते अजूनही ऐकतं. इथं औषधाचा दरवाजा उघडला. अडचण फक्त त्या दोन मिनिटांची होती.

त्यावर दोन उपाय निघाले. एक उपाय म्हणजे हार्मोन तोडणाऱ्या डीपीपी-४ लाच अडवायचं. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन अशी नावाच्या शेवटी ‘ग्लिप्टिन’ असलेली गोळी तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यात असेल, तर ती हेच काम करते. म्हणजे अनेक मराठी घरांत इन्क्रेटिनवरचं औषध कधीचं पोचलंय, फक्त त्याचं हे नाव माहीत नाही.

दुसरा उपाय म्हणजे लवकर न तुटणारा नकली जीएलपी-१ तयार करायचा. यात मदतीला आली एक विषारी पाल. अमेरिकेच्या वाळवंटात राहणाऱ्या गिला मॉन्स्टर या सरड्यासारख्या प्राण्याच्या विषात डॉ. जॉन एंग यांना एक्सेंडिन-४ हा पदार्थ सापडला. तो जीएलपी-१ सारखा वागतो, पण शरीरात जास्त वेळ टिकतो. त्यावरून तयार झालेल्या एक्सेनाटाइडला अमेरिकेत २००५ मध्ये मंजुरी मिळाली. नंतर लिराग्लुटाइड आलं, मग आठवड्यातून एकदाच घ्यायचं सेमाग्लुटाइड आलं. ओझेम्पिक आणि वेगोवी ही त्याचीच ब्रँड नावं. मौंजारो या नावानं मिळणारं टिर्झेपाटाइड जीआयपी आणि जीएलपी-१ या दोघांच्याही कुलपात बसणारी किल्ली आहे.

भारतात मौंजारो मार्च २०२५ मध्ये आलं आणि वेगोवी जून २०२५ मध्ये. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पेटंट संपलं की स्वस्त जेनेरिक औषधांचा रस्ता मोकळा होतो. म्हणूनच या विषयावरची रीलही वाढली आहेत आणि ‘इंजेक्शन कशाला, हे खा’ म्हणणारेही वाढलेत.

आता मुद्द्याचं. आधी भाजी खाल्ली तर खरंच फरक पडतो?

न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. अल्पना शुक्ला आणि डॉ. लुईस अरॉन यांच्या टीमनं २०१५ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. टाइप २ डायबेटिस असलेले आणि मेटफॉर्मिन घेणारे ११ जण. सगळ्यांना तेच जेवण दोन वेगवेगळ्या दिवशी दिलं. त्यात ब्रेड आणि संत्र्याचा रस होता, शिवाय चिकन, सॅलड आणि ब्रोकोली.

एका दिवशी ब्रेड आणि रस आधी, आणि १५ मिनिटांनी चिकन-भाज्या. दुसऱ्या दिवशी बरोब्बर उलट. पदार्थ तेच, प्रमाण तेच, कॅलरीही त्याच.

चिकन-भाज्या आधी खाल्ल्या त्या दिवशी शुगर अर्ध्या तासानं साधारण २९ टक्के, एका तासानं ३७ टक्के आणि दोन तासांनी १७ टक्के कमी भरली. आणि शरीराला इन्सुलिनही कमी लागलं. पुढच्या प्रयोगात याच टीमला असंही दिसलं, की कार्बोहायड्रेट शेवटी खाल्लं की जीएलपी-१ ची पातळी जास्त राहते.

हे फक्त ब्रेड खाणाऱ्यांचं झालं असं वाटत असेल तर जपानकडं बघा. तिथं मुख्य अन्न आपल्यासारखाच भात. २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी भाताआधी मासे किंवा मांस देऊन पाहिलं. डायबेटिस असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही गटांत जठर हळू रिकामं झालं, जीएलपी-१ वाढलं आणि शुगरची उसळी कमी झाली. त्याआधी २०११ मध्ये जपानमधल्याच एका अभ्यासात रुग्णांना ‘आधी भाज्या, मग भात’ एवढाच सोपा नियम दिला होता. दोन वर्षांनी त्यांची शुगर किचकट आहार-तक्ता पाळणाऱ्या गटापेक्षा चांगली आटोक्यात होती.

यामागचं कारण आता तुम्हाला लावता येईल. प्रथिनं, थोडी चरबी आणि तंतुमय पदार्थ आधी पोटात गेले, की आतड्यातल्या पेशी जागं होऊन हार्मोन सोडतात. जठराचं दार किंचित लोटलं जातं. मागून आलेला भात त्या अर्धवट लोटलेल्या दारातून सावकाश उतरतो. भात आधी आला तर दार सताड उघडं असतं.

खाण्याच्या वेगाचाही यात वाटा आहे. २०१० मध्ये ग्रीसमधल्या संशोधकांनी १७ निरोगी पुरुषांना ३०० मिलिलीटर आइस्क्रीम दिलं. एकदा ५ मिनिटांत संपवायचं, दुसऱ्यांदा ३० मिनिटांत. सावकाश खाल्लं तेव्हा जीएलपी-१ आणि पीवायवाय हे पोट भरल्याचं सांगणारे दोन्ही हार्मोन जास्त आले. ‘घास नीट चावून खा’ असं आजी सांगायची, त्यात तथ्य होतं.

तंतुमय पदार्थांचं आणखी एक काम आहे. जे तंतू आपल्याला पचत नाहीत, ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न असतात. जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट, प्रोपिओनेट अशी छोटी आम्लं तयार होतात. ही आम्लं एल पेशींना चाळवतात. मात्र याचे ठळक पुरावे प्रयोगशाळेतल्या पेशी आणि प्राण्यांमध्ये जास्त आहेत. माणसात हा परिणाम किती मोठा आहे, यावर अजून काम सुरू आहे.

पण आपलं ताट वेगळं असतं, त्याचं काय?

अमेरिकेतल्या प्रयोगात चिकन एका बशीत आणि ब्रेड दुसऱ्या बशीत होता. आपण पोळीच्या घासात भाजी धरतो. भातात वरण कालवतो. मग ‘आधी भाजी’ करायचं कसं?

त्यात घरोघरी रीत वेगळी. काही घरांत पहिला घास तूप घातलेल्या वरणभाताचा. बऱ्याच घरांत आधी भाकरी किंवा पोळी आणि भात शेवटी. हॉटेलात थाळी येईपर्यंत पापड संपलेला असतो.

इथं थेट नियम उचलून लावण्यापेक्षा त्यामागचं तत्त्व लावणं सोपं पडतं. जेवायला बसल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं कोशिंबीर, काकडी-टोमॅटो, पालेभाजी आणि वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण नुसतंच खायचं. अंडी, मासे, चिकन खात असाल तर तेही यातच. मग पोळी-भाकरी आणि शेवटी भात. भाजी तीच, फक्त निम्मी आधी खाल्लेली.

पण क्रमापेक्षा मोठी गोष्ट आहे प्रमाणाची. आयसीएमआर-इंडियाबचाच आहारावरचा अभ्यास २०२५ मध्ये आला. त्यानुसार भारतीयांच्या रोजच्या ऊर्जेपैकी साधारण ६२ टक्के ऊर्जा कार्बोहायड्रेटमधून येते आणि त्यातलं बरंचसं पांढरा तांदूळ, गव्हाचं पीठ आणि साखर यातून. प्रथिनं मात्र १२ टक्क्यांच्या आसपास. नुसता पांढरा तांदूळ सोडून गहू किंवा भरडधान्यावर आलं, पण कार्बोहायड्रेटचं एकूण प्रमाण तेवढंच ठेवलं, तर डायबेटिसचा धोका कमी झालेला दिसला नाही. कार्बोहायड्रेटचा थोडा वाटा डाळी, दूध-दही, अंडी, मासे यांना दिला, तेव्हा तो कमी असल्याचं दिसलं.

हे वाचून ज्वारीच्या भाकरीबद्दल गैरसमज करून घेऊ नका. भाकरीत तंतू चांगले असतात, पण ती शुगर-फ्री नाही. ‘भाकरी आहे ना, मग चार चालतात’ हा हिशेब चुकतो. तीच गोष्ट उपवासाची. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. त्यात प्रथिनं आणि तंतू नावापुरते. खिचडीत दाण्याचं कूट सढळ हातानं घातलं आणि सोबत दही, काकडी घेतली तर गोष्ट जरा सुधारते. रिकाम्या पोटी साखरेचा चहा आणि बिस्किटं हा आपला रोजचा प्रकारही आतड्याला तयारीची संधी न देणाराच आहे.

‘आमच्याकडं कुणी जाड नाही, आम्हाला कशाला शुगर होईल’ असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचं एक उदाहरण आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. म्हणजे उंचीच्या मानानं वजन अगदी सारखं. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबीदार अशी ही भारतीय ठेवण. त्यामुळं काट्यावरचा आकडा बघून निर्धास्त राहता येत नाही.

मग मेथीचं पाणी म्हणजे ओझेम्पिक का नाही?

आता त्या दोन मिनिटांकडं परत येऊ.

जेवणामुळं जो जीएलपी-१ सुटतो, तो काही मिनिटांत तुटतो. बराचसा तर आतड्याच्या आसपासच संपतो. सेमाग्लुटाइडचं तसं नाही. त्याची रक्तातली पातळी निम्म्यावर यायलाच साधारण एक आठवडा लागतो. म्हणजे एकीकडं दारावरची घंटा एकदा वाजते आणि थांबते, दुसरीकडं कुणीतरी आठवडाभर बटणावर बोट दाबून ठेवलेलं असतं. दोन्हीत आवाज घंटेचाच, पण परिणामाची तुलना होऊ शकत नाही.

मेथीत विरघळणारे तंतू असतात. ते पाण्यात फुगून बुळबुळीत होतात आणि साखरेचं शोषण थोडं लांबवतात. व्हिनेगरमुळंही काही छोट्या प्रयोगांत जेवणानंतरची उसळी कमी झालेली दिसली आहे. म्हणजे खाल्लं तर बिघडत नाही, थोडा उपयोगही होईल. पण त्या जोरावर डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करणं म्हणजे छत्री आहे म्हणून घराचं छप्पर काढण्यासारखं आहे.

आणि गोळी बंद केल्याचा परिणाम लगेच जाणवत नाही, हीच खरी अडचण. शुगर २५० असतानाही माणूस ऑफिसला जातो, लग्नात जेवतो. नुकसान डोळ्याच्या पडद्यावर, किडनीत आणि पायांच्या नसांमध्ये शांतपणे चालू असतं. ते कळतं तेव्हा रील बनवणाऱ्याचं अकाउंट भलत्याच विषयावर गेलेलं असतं.

कुणी जास्त सांभाळायचं?

आहार बदलणं निरुपद्रवी वाटतं, पण काही जणांसाठी ते तसं नाही.

• इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारे : ही औषधं रक्तातली साखर किती आहे हे न बघता काम करतात. अशा वेळी भात-पोळी अचानक तोडली, तर शुगर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. आधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवून घ्या.

• किडनीचा त्रास असलेले : ‘प्रथिनं वाढवा’ हा सल्ला यांना जसाच्या तसा लागू होत नाही. किती खायचं हे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञच सांगतील.

• टाइप १ डायबेटिस असलेले : यांच्या शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही. आतड्यानं कितीही निरोप धाडले तरी ते सोडणारंच कुणी नाही. यांना इन्सुलिनला पर्याय नाही.

• जठर आधीच हळू चालणारे : डायबेटिस जुना झाला की काहींच्या जठराच्या नसा कमजोर होतात. दोन घासांत पोट भरणं, उलटीची भावना असं होत असेल तर जास्त तंतुमय खाण्यानं त्रास वाढू शकतो.

आणि जीएलपी-१ ची इंजेक्शनं ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची औषधं आहेत. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे त्यांचे नेहमीचे त्रास. पित्ताशयात खडे आणि क्वचित स्वादुपिंडाला सूज असे गंभीर प्रकारही होऊ शकतात. वजन उतरताना चरबीसोबत स्नायूही जातात. जिममधल्या मित्रानं किंवा ओळखीच्या मेडिकलवाल्यानं सांगितलं म्हणून सुरू करण्याची ही गोष्ट नाही.

हे स्वतःवर तपासून बघता येतं का?

येतं, आणि त्याला फार खर्चही नाही. घरी ग्लुकोमीटर असेल तर पुरे.

दोन दिवस निवडा. दोन्ही दिवशी दुपारचं जेवण तेच ठेवा. उदाहरणार्थ दोन पोळ्या, एक वाटी उसळ, एक वाटी भाजी, काकडी आणि अर्धी वाटी भात. प्रमाण मोजून घ्या. गोळ्यांच्या वेळाही त्याच. पहिल्या दिवशी नेहमीसारखं जेवा. दुसऱ्या दिवशी काकडी, भाजी आणि उसळ आधी, दहा मिनिटांनी पोळी, शेवटी भात. दोन्ही दिवशी जेवणाआधी, पहिल्या घासापासून एक तासानं आणि दोन तासांनी शुगर बघा.

एका दिवसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. झोप कमी झाली, ताण आला, सकाळी जास्त चालणं झालं तरी शुगर बदलते. त्यामुळं हाच प्रकार दोन-तीन वेळा करा आणि आकडे वहीत लिहून ठेवा. काहींना मोठा फरक दिसेल, काहींना किरकोळ. ज्यांचं जेवण आधीपासूनच भाजी-डाळीनं भरलेलं आहे, त्यांना कदाचित फारसा दिसणारही नाही.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडं जाताना ती वही सोबत न्या. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी आणि ही वही समोर असली, की डोस कमी करायचा की वाढवायचा हे डॉक्टरांना अंदाजानं नाही, तुमच्या आकड्यांवरून ठरवता येतं. गोळी कमी होण्याचा रस्ताही तिथूनच जातो. आणि फॅमिली ग्रुपवर पुढचं रील आलं, की त्याखाली अंगठा टाकायच्या आधी तुमच्या वहीतले आकडे काय म्हणतात, तेवढं एकदा बघा.